वाफसा येईपर्यंत थांबा

[दहावी-बारावीच्या निकालाच्या तोंडावर एका गांवच्या शाळेच्या ओसरीवर आयाबाप व मुलें यांच्यापुढें केलेलें भाषण. हजर राहूं न शकलेल्या मंडळींच्या आग्रहावरून येथें छापीत आहों.]

बंधूंनो, आयाबहिणींनो, आणि मागें भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पोरापोरींनो,

नांगरट, शेणखत, बीं-बियाण्याची जुळवाजुळव बाजूला ठेवून तुम्ही दोन घटका येथें येऊन बसलां आहांत. त्याबद्दल आभार मानीत बसत नाहीं, कारण काम तुमच्याच घरचें आहे. निकाल तोंडावर आला आहे. त्या दिवशीं कोणाच्या घरीं पेढे येतील, कोणाच्या घरीं चूल पेटणार नाहीं. त्यानंतर कोणत्या घरांत काय होईल हें आज कोणालाहि सांगतां यायचें नाहीं. म्हणून आधींच बोलायला आलों.

शेतकऱ्यानें जीव दिला ही बातमी आपल्याला दुर्दैवानें नवी राहिलेली नाहीं. परंतु सरकारी नोंदींत दुसरा एक आकडा आहे, तो आपण पाहत नाहीं. राष्ट्रीय गुन्हे नोंद खात्याच्या २०२२ सालच्या हिशेबांत शेतकरी व शेतमजूर मिळून ११,२९० जणांनीं आपल्या हातानें जीव दिला. त्याच वहींत विद्यार्थ्यांचा आकडा १३,०४४ आहे. ऐकलेंत? शेतापेक्षां शाळेचा आकडा मोठा! आणि राज्यवार यादी लावली तर विद्यार्थ्यांच्या मरणांत पहिलें नांव आपल्या महाराष्ट्राचें निघतें. हीं सारीं मरणें परीक्षेमुळेंच झालीं असें कोणीं समजूं नये. घरची भांडणें, गरिबी, आजार, प्रेमप्रकरण, मनाचा जुना रोग अशीं कारणें एकांत एक गुंतलेलीं असतात. पण कर्जापायीं बाप जातो त्याची निदान विधिमंडळांत चर्चा होते, पोर जातें त्याची चर्चा पारावर चार दिवस होते आणि थांबते.

आतां गोष्ट आमच्याच घरची सांगतों. दुसऱ्याच्या घरची सांगितली असती तर तुम्हांला अधिक गोड लागली असती, पण मग आमची चूक झांकली गेली असती. आमचा पुतण्या. दहावीला गणितांत ३५ गुण पाहिजेत तेथें २८ मिळाले. बाकीच्या विषयांत बरा होता. निकाल मोबाईलवर दुपारीं एकला आला आणि सव्वाएकला साऱ्या भावकीला ठाऊक झाला. आमचा भाऊ तापट. तो म्हणाला, "उद्यांपासून शाळा बंद, गुरें राख." वहिनी रडली. आजीनें देवाला बोल लावला. पोरगा कांहींच बोलला नाहीं, आणि तें न बोलणें आम्हां सर्वांना शहाणपणाचें वाटलें.

पुढें महिनाभर तो दिवसा पडून राही, रात्रीं जागा असे. भाकरी अर्धी टाकून उठे. क्रिकेटपायीं जेवण विसरणारा पोरगा, पण मैदानाकडे फिरकेना. एका रात्रीं आम्ही ओट्यावर बसलों असतां तो जवळ येऊन बसला आणि म्हणाला, "तात्या, मला झोंप येत नाहीं." आम्ही काय म्हणालों तें ऐका. "दिवसभर लोळल्यावर रात्रीं झोंप कुठून येणार? उद्यां पहांटे पाणी धरायला चल, आपोआप येईल." तो कांहीं वेळ बसला आणि उठून गेला.

मंडळी, त्या पोरानें आपलें दार किलकिलें केलें होतें, तें आम्हीं आमच्या हातानें लावलें. "झोंप येत नाहीं" एवढेंच त्याला बोलतां येत होतें, बाकीचें आम्हीं विचारायचें होतें. कधींपासून येत नाहीं? जागा असतोस तेव्हां मनांत काय येतें? एवढे दोन प्रश्न. त्याऐवजीं आम्ही उपदेश केला, आणि उपदेश करणाऱ्याला नेहमींच वाटतें कीं आपण मोठें काम केलें.

निभावलें तें त्याच्या आत्यामुळें. आमची धाकटी बहीण माहेरीं आली होती. पोरानें आपली सायकल चुलत भावाला देऊन टाकली, बॅट शेजारच्या पोराला दिली, हें तिनें पाहिलें. आम्हांला तें उदारपण वाटलें! तिला वाटलें नाहीं. तिनें त्याला गोठ्याकडे नेलें आणि सरळ विचारलें, "जिवाचें कांहीं बरेंवाईट करायचें मनांत येतें का रे?" पोरगा ढसढसा रडला आणि "हो" म्हणाला. ती सातवीपर्यंत शिकलेली बाई, आणि घरांत आम्ही चार बुकें वाचलेले पुरुष! दुसऱ्या दिवशीं तीच त्याला घेऊन जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यांत गेली. तेथें मनाचे डॉक्टर बसतात. भाऊ बरोबर गेला नाहीं. तो तिसऱ्या खेपेला गेला.

तेथें डॉक्टरांनीं आम्हांला जें समजावलें आणि पुढें आम्हीं जें वाचलें, तें आपल्या भाषेंत सांगतों. काळ्या रानांत मोठा पाऊस कोसळल्यावर लगेच कोणी औत घालतो काय? घातलें तर बैल रुततो, माती फाळाला लगडते, आणि वाळल्यावर अशीं ढेकळें होतात कीं तीं हंगामभर फुटत नाहींत. रान वाईट नसतें, वेळ वाईट असते. वाफसा आला कीं तेंच रान लोण्यासारखें चालतें. तरण्या पोराच्या डोक्याचें असेंच आहे. राग, भीति, लाज, हौस यांची मेंदूंतली उसळी बारातेराव्या वर्षींच सुरू होते. "थांब, पुढचें पाहा" असें सांगणारा कपाळामागचा भाग मात्र सावकाश पिकतो, तो पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणजे बैल तरणा आणि कासरा अजून वळायचा आहे.

यावरून पोरांना अक्कल नसते असा अर्थ काढूं नका. लॉरेन्स स्टाइनबर्ग म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहे. त्याच्या मंडळीनें ११ देशांतल्या, त्यांत आपलाहि देश आहे, १० ते ३० वर्षांच्या पांच हजारांवर माणसांची पाहणी केली व २०१९ सालीं प्रसिद्ध केली. शांतपणीं, एकट्यानें विचार करण्याची शक्ति सोळाव्या वर्षापर्यंत मोठ्या माणसाइतकी होते. पण तापलेल्या वेळीं स्वतःला आवरून धरण्याची शक्ति अठराच्याहि पुढें येते. त्याच गृहस्थानें मार्गो गार्डनर या बाईंबरोबर २००५ सालीं दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. पडद्यावर मोटार हांकण्याचा खेळ दिला. एकटें खेळतांना तेरा ते सोळा वर्षांचीं मुलें जेवढा धोका पत्करीत, त्याच्या जवळजवळ दुप्पट धोका दोस्त भोंवतीं उभे असतां पत्करूं लागलीं. चोविशीच्या पुढच्यांना मात्र बघ्यांमुळें फारसा फरक पडला नाहीं. आपल्याला त्याला अमेरिका कशाला पाहिजे? फटफटीवर तिघे बसून जाणारे आपण रोज पाहतों. तोच मुलगा एकटा असला तर बैलगाडीला वाट देतो.

आतां सांगा, निकालाचा दिवस म्हणजे काय? पाऊस नुकताच कोसळलेला, रानाचा चिखल झालेला, आणि बांधावर सारी भावकी बघत उभी. त्या दिवशीं घेतलेला निर्णय हा निर्णयच नव्हे. तो पोरानें घेतलेला असो कीं बापानें.

होय, बापानें. कारण त्या दिवशीं औत घालण्याची घाई थोरांनाच जास्त. मुलगी नापास झाली, किंवा पास होऊनहि चाळीस टक्क्यांवर राहिली, कीं संध्याकाळपर्यंत स्थळाची गोष्ट निघते. "नाहीं तरी शिकून काय करणार?" सोळा वर्षांची पोर! अठराच्या आंत मुलीचें लग्न लावणें २००६ च्या कायद्यानें गुन्हा आहे हें तुम्हांला ठाऊक आहे, म्हणून कोणी कोणी दोन वर्षें थांबतात. पण तिचें दप्तर त्याच दिवशीं माळ्यावर जातें. १८४८ सालीं पुण्यांत मुलींसाठीं शाळा काढणाऱ्या जोतीराव-सावित्रीबाईंची तसबीर त्याच घरांत खालीं लावलेली असते, हार घातलेली! त्या पोरीच्या मनांत काय चाललें आहे तें कोणी विचारीत नाहीं, कारण ती निमूट भाकरी थापीत असते. मुलगा निदान रुसलेला दिसतो. मुलीला रुसायलाहि फुरसत मिळत नाहीं. ज्या घरांत मुलगी अगदीं शहाण्यासारखी गप्प झाली आहे, त्या घरानें अधिक घाबरावें असें आमचें मत आहे.

दुसरी घाई पैशाची. पोराला गुण चांगले पडले कीं त्याच आठवड्यांत लातूर किंवा कोटा, शिकवणीची फी, खोली, खानावळ, आणि त्यासाठीं जमीन गहाण. आम्ही विद्येच्या विरुद्ध नाहीं, विद्या घ्या म्हणून तर आमच्या वडिलांनीं व आम्हीं घसा कोरडा केला. पण हिशेब तरी पाहा. २०२४ सालीं डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला २३ लाखांवर मुलें बसलीं आणि साऱ्या देशांत एम. बी. बी. एस.च्या जागा लाखाच्या थोड्या वर. म्हणजे विसांत एक. शिकवणीवाल्याच्या फलकावर त्या एकाची तसबीर असते. उरलेल्या एकोणिसांच्या तसबिरी तो कोठें लावतो? आणि पोराला पाठवतांना आपण काय म्हणतों? "तुझ्यासाठीं रान गहाण टाकलें आहे, लक्षांत ठेव." तें पोर लक्षांत ठेवतें. रात्रीं दोनला पुस्तकाच्या पानावर त्याला अक्षरें दिसत नाहींत, सात-बाराचा उतारा दिसतो. जमीन गहाण टाकायची तर बापानें आपल्या जबाबदारीवर टाकावी, तिचें ओझें सतरा वर्षांच्या खांद्यावर देऊं नये. हा सौदा करायचाच तर निकालानंतर दोन आठवडे जाऊं द्यावे, पोराला एकट्याला समोर बसवून त्याला खरोखर काय पाहिजे तें विचारावें, आणि "नको" म्हणण्याची त्याला मुभा असावी.

नापास झालेल्याच्या वाटा कोणी सांगत नाहीं, त्या येथें सांगून टाकतों. पुरवणी परीक्षा त्याच पावसाळ्यांत होते. दहावीला एक-दोन विषय राहिले तरी ए.टी.के.टी.वर अकरावींत बसतां येतें. शाळेंत परत जायची लाज वाटते त्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतां येतें. आय.टी.आय.मध्यें कांहीं धंदे असे आहेत कीं दहावी नापासालाहि प्रवेश मिळतो. सुतार-लोहारांच्या घरीं जन्मलेल्यांना हातांतली विद्या हलकी कशी हें कोणीं शिकवूं नये. आमच्या पुतण्याची पुरवणी हुकली. पुढच्या मार्चांत गणित सुटलें, ४१ गुण. आज तो वायरमनचें काम करतो. अजूनहि एखादी रात्र त्याला जड जाते, हेंहि लपवीत नाहीं. आतां तो येऊन सांगतो, आणि आम्ही पाणी धरायला चल म्हणत नाहीं.

आतां मनाच्या आजाराविषयीं. पोराचें मन बिघडलें कीं आपल्याकडे दोनच औषधें, एक शिवी आणि दुसरें अंगारा. शिवीनें भागलें नाहीं कीं देवऋषी अमावास्या सांगतो, लिंबू उतरवतो, कोंबडें मागतो. कोंबडें त्याला लागू पडतें, पोर तसेंच राहतें. ज्योतिषी साडेसाती काढून शांतीची यादी हातांत देतो. कांहीं ठिकाणीं तर पोरीला बांधून मारतात. भूत उतरवण्याच्या नांवाखालीं मारहाण करणें २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा ठरला आहे, तरीहि आमच्या कानांवर अशा गोष्टी येतात. आणि मनाचा डॉक्टर म्हटलें कीं डोळ्यांपुढें एकदम येरवडा नाहीं तर ठाणें उभें राहतें! पोराला खोकला झाला म्हणजे लगेच क्षय झाला असें आपण समजत नाहीं, मग येथेंच कां? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें १० ते १९ वर्षांच्या सात मुलांमागें एकाला मनाचा कांहीं ना कांहीं आजार असतो. या ओसरीवर पस्तीस तरी पोरें असतील. हिशेब करा, पण कोणाकडे बोट दाखवूं नका.

ओळखायचें कसें? एखादा दिवस तोंड पाडून बसणें म्हणजे आजार नव्हे, तें वयच तसें. पण दोन आठवडे उलटले तरी झोंप आणि भूक जागेवर येत नाहीं, आवडीचा खेळ सुटतो, दोस्त तुटतात, चिडचिड किंवा अंगदुखी-डोकेंदुखी पाठ सोडीत नाहीं, "मी तुमच्यावर ओझें आहे" अशीं बोलणीं निघतात, जिवापाड जपलेल्या वस्तु वांटल्या जातात, तेव्हां थांबूं नका. झोंपेचें एक वेगळें सांगतों. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोंप लागते, आणि या वयांत रात्रीं उशिरां झोंप येणें हा शरीराचाच धर्म आहे. पहांटे चारला पाणी मारून उठवणाऱ्या बापाला गांवांत फार मान आहे. असूं द्या. पण त्या पोराच्या डोक्यांत तो अभ्यास राहत नाहीं. मोबाईल मात्र रात्रीं सगळ्यांचाच एका फडताळांत ठेवावा. बापाचा सुद्धां.

आणि सरळ विचारा. "मरणाचा विचार येतो का?" असें विचारल्यानें तो विचार पोराच्या डोक्यांत शिरतो ही समजूत खोटी आहे. असतो तो बाहेर येतो, नसतो तो येत नाहीं. "हो" म्हणालें तर ओरडूं नका, शपथ घालूं नका, त्याला एकटें सोडूं नका, दवाखान्यांत न्या. पोलिसांच्या भीतीनें कांहीं लोक झांकून ठेवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें अशा माणसाला भारी ताणाखालीं असलेला रोगी मानून त्याला उपचार देणें हें सरकारचें कर्तव्य ठरवलें आहे, शिक्षा नव्हे.

शेतकऱ्याच्या घरापुरती एक गोष्ट. फवारणीचें औषध ओसरीवर, खाटेखालीं, माळ्यावर ठेवूं नका. कुलपांत ठेवा आणि किल्ली थोरल्या माणसाच्या कमरेला असूं द्या. ती काळी लाट पुष्कळदां कांहीं मिनिटांची, कांहीं तासांची असते. तेवढा वेळ हाताला कांहीं सांपडलें नाहीं तर माणूस वांचतो, आणि वांचलेले बहुतेक पुढें जगतात. श्रीलंकेनें अति जालीम कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली. १९९५ पासून पुढच्या वीस वर्षांत तेथलें आत्महत्यांचें प्रमाण दोन तृतीयांशाहून अधिक उतरलें. तेथल्या माणसांचीं दुःखें कांहीं दोन तृतीयांशानें कमी झालीं नव्हतीं. लाट ओसरेपर्यंत वेळ मिळाला.

आतां, भिंतीकडच्यांनो, तुम्हांला. शाईनें हातावर एक नंबर लिहून घ्या: १४४१६. सरकारनें २०२२ च्या ऑक्टोबरांत सुरू केलेला हा टेलिमानसचा नंबर. रात्रंदिवस चालतो, पैसा लागत नाहीं, मराठींत बोलतां येतें. निकालाच्या दिवशीं मनांत काय वाटेल तें वाटूं द्या. रडा, रुसा, जेवूं नका एक वेळ. पण त्या दिवशीं कांहीं ठरवूं नका. घर सोडण्याचें नाहीं, शाळा सोडण्याचें नाहीं, पळून जाण्याचें नाहीं, जिवाचें तर मुळींच नाहीं. रात्र जाऊं द्या, मग दुसरी जाऊं द्या. दोस्तांचा घोळका असेल त्यापासून जरा दूर, एकट्यानें, पोट भरल्यावर विचार करा. तुमचें डोकें तेव्हां आमच्याइतकेंच चांगलें चालतें, हें आतांच सांगितलें. आणि एका तरी मोठ्या माणसाला सांगा. पहिल्यानें तुमचें ऐकलें नाहीं, आमच्यासारखा उपदेश केला, तर दुसऱ्याकडे जा. दुसऱ्यानें हांकललें तर तिसऱ्याकडे. आत्या, मामी, बाई, मास्तर, दोस्ताची आई, कोणीहि. मोठीं माणसें पहिल्या खेपेला चुकतात, त्याचा राग धरून दार कायमचें लावूं नका.

सभा येथें संपली. चहा आहे. आम्ही अंधार पडेपर्यंत या ओसरीवरच बसून आहों. कोणाला चारचौघांत बोलतां आलें नसेल तर यावें. पोरांनीं आधीं यावें, आयाबापांनीं जरा लांब, त्या चिंचेखालीं उभें राहावें.